मंडईच्या दिवसांतली हजेरी

गोंदियात आलो तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि माणसं कामाला कशी लावायची हे आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. पुरावा म्हणून माझ्याजवळ एक शिट्टी होती. गावाबाहेरच्या एका राइस मिलमध्ये मॅनेजर म्हणून लागलो. हाताखाली साठ माणसं. पोती वाहणारे हमाल, आणि उकडलेलं धान पटांगणात पसरून पायांनी उलटवणाऱ्या रेजा, म्हणजे मजूर बायका.

दिवाळी झाली. नव्या धानाच्या गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि नेमकी तेव्हाच माझी माणसं नाहीशी झाली. साठांतली पंचवीस आली तर पुष्कळ. कुणालाही विचारा, उत्तर एकच, "मंडई हाय जी."

मी वऱ्हाडातला. भाजी घ्यायला अख्खा दिवस कशाला लागतो, असं मी विचारलं. ते ऐकून मिल आठवडाभर हसत होती. मंडई म्हणजे काय ते मग मला समजावून सांगण्यात आलं. भाऊबीजेपासून इकडे एकेका गावाची मंडई भरते. लेकी-जावई, सोयरेधायरे जमतात, दिवसभर दंडारीचा, म्हणजे नाच-गाण्याच्या लोकनाट्याचा, खेळ चालतो, घरोघर वडे तळतात. सोयरे आपल्याकडे आले की आपण त्यांच्या गावच्या मंडईला जायचं. साठ माणसांचे सोयरे किती गावांत असतील याचा हिशेब मी मांडायला बसलो आणि कागद भरल्यावर उठलो.

तिकडे हौदातलं धान भिजत पडलं होतं. ते वेळेवर उकडून वाळवलं नाही तर तांदळाला वास लागतो. एक हौद तसा वाया गेला. मिलचे मालक शेठ नाकाला रुमाल लावून हौदाशी उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मैनेजर साहब, एक हौद और सड़ा, तो आप अपने गाँव लौट जाइए।" गावचं घर मी भावाला देऊन आलो होतो. इथे भाड्याच्या दोन खोल्या, बायको आणि शाळेत जाणारी तीन मुलं. परत जायला जागाच नव्हती.

मी उपाय सुरू केले. पहिला उपाय बक्षिसाचा. जो एकही खाडा करणार नाही त्याला पितळी लोटा. लोटा चौकीदाराने जिंकला. तो फाटकातच राहत होता आणि त्याला जगात सोयरे नव्हते.

दुसरा उपाय भाषणाचा. पोत्यावर उभा राहून मी म्हणालो, "ही मिल तुमचीच आहे, असं समजा."

मागून आवाज आला, "आमचीच हाय, त उद्या बंद ठेवा ना जी."

पोत्यावर चढताना बरं वाटलं होतं, उतरताना तितकं वाटलं नाही.

तिसरा उपाय म्हणजे पाळीपत्रक. प्रत्येकाला मंडईसाठी दोन दिवस, नावापुढे तारखा. ते मी फाटकावर चिकटवलं. रेजांची जी म्होरकी होती, कामठ्याकडची पन्नाशीची बाई, ती त्यापुढे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"बाबू," ती म्हणाली, "तुमी आमच्या मंडईले आले का कंदी?"

"नाही."

"मंग आमी रोज रोज तुमच्या मिलमंदी कायले येवाव?"

पगार मिळतो म्हणून, हे उत्तर तयार होतं. पण पगार बाकीच्या मिलमध्येही मिळत होता, आणि त्यांनाही त्या दिवसांत माणसं हवीच होती. मी तिला तिच्या मंडईची तारीख विचारली.

तिच्या गावच्या मंडईला मी गेलो. ओट्यावर चटई टाकून तिनं मला लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले. दोन खाल्ले, पाणी प्यालो, उठलो. दारात आमचा एक हमाल वाट अडवून उभा. "काऊन जी, आमच्या घरचे वडे कडू हायेत का?"

मी काटेकोर माणूस. एका घरी दोन, तर सगळ्यांच्या घरी दोन. त्या गावात आमच्या माणसांची अकरा घरं निघाली. बावीस वडे. पुढच्या गावात सात घरं, आणि तिथे मटणाचा रस्साही होता.

पण हजेरी चढू लागली. ज्याच्या घरी मी जेवलो तो दुसऱ्या दिवशी कामावर येई, आणि थांबवू पाहणाऱ्या सोयऱ्याला सांगे, "बाबू आपल्या घरी येऊन गेला, आता आपल्याले जा लागते." माझ्या शिट्टीनं, लोट्यानं आणि पाळीपत्रकानं जे झालं नाही ते लाखोरीच्या वड्यांनी होऊ लागलं. मी मात्र याला माझं व्यवस्थापन म्हणत होतो.

चौथ्या गावानंतर पोट बिघडलं. बायको म्हणाली, "सगळ्यांना सारखं वागवताना पोटाला विचारलं होतं का?" त्या दिवशी मिलमध्ये सगळी माणसं हजर होती. खाडा एकाचाच, मॅनेजरचा. आणि शेठ नेमके त्याच दिवशी आले.

दुपारी ते माझ्या दारात उभे. मागे ती म्होरकी, हातात ताकाने भरलेला गडवा. मी उठून बसायचा प्रयत्न केला. अर्धाच बसलो.

"आपके बिना मिल बढ़िया चल रही है," शेठ म्हणाले. "हौद खाली, आँगन धान से भरा हुआ।"

आता मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढावे लागणार, असं मला दिसू लागलं.

"मैंने सबसे पूछा, ये मैनेजर करता क्या है? सब बोले, मंडई में आता है।" शेठ खाटेच्या कडेला बसले. मला वाटलं हसतील, पण हसले नाहीत. "तो यही काम कीजिए। नौकरी पक्की। लेकिन अगले साल आधा खाइए।"

म्होरकीनं गडवा माझ्या उशाशी ठेवला.

"अर्धं खाल्लं, त आमी बी अर्धेच येऊ, शेठ."