तोलमरची अठरा घरं

ईवरची मुलगी गोर्मेल कुठल्याही कामात दुसरी आलेली तोलमर या बेटावरच्या गावात कुणी पाहिली नव्हती. वसंतात पायानं रेटायचा नांगर पहिला तिचा चालायचा, खतासाठी समुद्रशेवाळाची पहिली टोपली तिच्या पाठीवर असायची, आणि छप्पर उतरवायलाही पहिली तीच. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, आईबाप गेलेले. बापाची जमीन एकटी कसायची. कोणी कौतुक केलं की म्हणायची, "मग काय बसून राहू?"

छप्पर उतरवणं हा तोलमरचा दरवर्षीचा उद्योग. घराच्या मध्यभागी वर्षभर पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळायचं. धुराडं नसायचंच, त्यामुळे धूर छपराच्या पेंढ्यात मुरायचा आणि पेंढा काळाकुट्ट, तेलकट व्हायचा. बटाट्याला त्याच्यासारखं खत नाही. म्हणून मे महिन्यात जुना पेंढा शेतात जायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळा गाव मिळून नवा चढवायचा. आपण ज्याच्याखाली झोपलो तेच पुढच्या हिवाळ्यात ताटात येतं, यात तिथं कुणाला नवल वाटत नसे.

त्या वर्षी शनिवारी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. शेजारचा फिनले कुंपणाशी येऊन म्हणाला, "अगं, सोमवारी काढ की. उद्या रविवार. एकदा उघडं पडलं की दोन रात्री उघडंच."

"तुझे बटाटे उगवायचेत अजून. माझे डोकं वर काढून बसलेत," गोर्मेल म्हणाली. "आणि मी काय मिठाची आहे, विरघळायला?"

दुपारपर्यंत छप्पर शेतात पसरून झालंसुद्धा. वर नुसते वासे राहिले. गाय दोन वासरांसकट बाहेर बांधलेली होती, आणि गोर्मेल आपल्या कामावर बेहद्द खूश होती.

संध्याकाळी हॅडो नावाचा कारकून आला. बेटाच्या मालकानं त्याला घरं, माणसं, गुरं आणि जमीन लिहून आणायला पाठवलं होतं. गोर्मेलच्या लहानपणी तोलमरमध्ये नऊ घरं होती. मग आतल्या खोऱ्यात मालकाच्या मेंढ्या आल्या, तिथली माणसं किनाऱ्याला हाकलली गेली आणि नवांची अठरा झाली. जमीन मात्र तेवढीच. वाटण्या होत होत एकेकाचा पट्टा चादरीएवढा उरला. आता मालकाच्या कचेरीला माणसं जास्त वाटू लागली होती. ओस पडलेलं घर सापडलं की त्याची जमीन मेंढ्यांच्या कुरणात घालायची, असा नियम निघाला होता.

हॅडो काही दुष्ट माणूस नव्हता. नियमाला धरून चालणारा होता, आणि दक्षिणेकडचा असल्यामुळे त्याच्या गावी छपरं जागच्या जागी राहायची.

"हे घर ओस आहे," तो वहीत बघत म्हणाला.

"मी त्याच्यात उभी आहे," गोर्मेल म्हणाली.

"छप्पर कुठाय, बाई?"

"बटाट्यांवर."

हॅडोनं फिनलेकडे पाहिलं. फिनले गावाचा कारभारी, सगळ्यांनी निवडलेला. त्यानं सगळं समजावून सांगितलं. हॅडोनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नियमात लिहिलंय, छप्पर नसलेलं घर ते ओस घर. बाकीची सतरा मी शाईनं लिहिली आहेत. हे पेन्सिलीनं लिहितो. सोमवारी सकाळी माझी होडी सुटेल. तोवर छप्पर दिसलं तर शाई फिरवीन."

"सोमवारी संध्याकाळी दिसेल."

"होडी भरतीची वाट बघते, बाई. तुमची नाही."

सोमवारची सकाळ म्हणजे मध्ये फक्त रविवार. आणि रविवारी तोलमरमध्ये विहिरीचं पाणीसुद्धा शेंदत नसत, शनिवारीच भरून ठेवत. गोर्मेलनं त्याचा विचारही केला नाही. बापाची जमीन जाते की राहते हा प्रश्न होता, पण रविवारी शिडी लावलेल्या बाईला त्या जमिनीवर कुठल्या तोंडानं उभं राहता आलं असतं? ती चर्चमध्ये गेली, नेहमीच्या बाकावर ताठ बसली आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गायली. त्या दिवशी कुणी त्याविषयी बोललं नाही. रविवारी असल्या गोष्टी बोलायच्याच नसतात.

रात्री मात्र वाशांतून आभाळ दिसत होतं आणि तिला भीती वाटली. आपल्याच घाईनं बापाची जमीन घालवली, हे तिनं स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं.

सोमवारी उजाडताच ती एकटीच नवा पेंढा बांधायला लागली. दहा जण लावले तरी दुपार उलटायची, ते एकटीनं होडी सुटायच्या आत होणार नाही हे तिला कळत होतं. तरी हात चालूच. तेवढ्यात शेजारून पेंढा खाली पडल्याचा आवाज आला. फिनले स्वतःच्या छपरावर उभा राहून ते उपटत होता.

"अरे, वेड लागलं का तुला? तुझे बटाटे वर आले नाहीत अजून. काजळी सगळी वाहून जाईल."

"जाऊ दे," फिनले म्हणाला. "दरवर्षी तूच पहिली. या वर्षी दुसरा नंबर तरी मारतो."

त्याच्या पलीकडच्यानं ते पाहिलं, क्षणभर विचार केला आणि शिडी आणली. मग त्याच्या पलीकडच्यानं. हॅडो पाद्र्याच्या घरच्या मुक्कामावरून वही काखोटीला मारून आला तेव्हा तोलमरमध्ये एकाही घराला छप्पर नव्हतं. दारादारांत काजळीनं काळी झालेली माणसं उभी होती.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"खत," फिनले म्हणाला. "आता लिहा, साहेब. नियमानं तोलमरमध्ये घर एकही नाही. सतरा तुम्ही परवा शाईनं लिहिलीत, ती खोडावी लागतील. आणि एकशे तीन माणसं लिहिलीत, ती कुठं राहतात तेही कचेरीत सांगावं लागेल."

हॅडोनं वहीतल्या शाईच्या सतरा ओळींवरून बोट फिरवलं. मग दगडी कुंपणावर बसून त्यानं दौत उघडली. "ईवरची मुलगी गोर्मेल. घर एक, माणूस एक, गाय एक."

"वासरं दोन," गोर्मेल म्हणाली. आकडा तिनं चुकू दिला नाही.

होडी गेल्यावर तिनं सगळ्यांना झापलं. एवढी काजळी वाया घालवलीत, पाऊस आला तर काय करणार, अक्कल कुठं गहाण टाकलीत. बोलत बोलतच ती फिनलेच्या घरात शिरली आणि उंबऱ्यातच थांबली. फिनलेची आई, चौऱ्याऐंशी वर्षांची मार्सली, तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली होती. उघड्या आभाळाखाली ती घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून पडली होती आणि तिच्या पांढऱ्या केसांवर काजळी पडली होती.

"आजी, तुमच्यावरचं कशाला काढू दिलंत?"

"हा नको म्हणत होता," मार्सली म्हणाली. "मी म्हटलं, काढ. मी काय गावात नाही?"

गोर्मेल तिच्या उशाशी बसली आणि शालीच्या टोकानं तिचे केस पुसता पुसता रडली, बापाच्या मयतालाही रडली नव्हती तेवढी. मग उठली, आपला बांधून ठेवलेला नवा पेंढा खांद्यावर घेऊन आली आणि फिनलेच्या शिडीवर चढली. गावातलं पहिलं छप्पर म्हातारीवर चढलं. गोर्मेलचं सगळ्यांत शेवटी, गुरुवारी संध्याकाळी.