विद्येच्या देवाच्या अंगणात मारामारी

होनोलुलूत पीएचडी करायला आलो, तेव्हा मी आणि माझा नागपूरचा रूममेट एकाच लॅबमध्ये होतो. क्वालिफायर परीक्षेचा निकाल लागला त्या दुपारी आम्ही चालत घरी निघालो होतो. मी पास झालो होतो. तो दुसऱ्यांदा नापास झाला होता, म्हणजे त्याची पीएचडी तिथेच संपली.

गल्लीच्या वळणावर मी म्हटलं, "चल, आधी जेवून घेऊ."

"तुले जेवाचं सुचते बे?" म्हणत त्यानं माझ्या नाकावर ठोसा मारला.

तोंडात रक्ताची चव आली. मीही त्याची कॉलर धरली. एकमेकांना ओढत आम्ही एका उघड्या फाटकातून आत गेलो आणि खडीवर पडलो. त्यानं माझं डोकं जमिनीवर आपटलं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. तो उठला आणि समोर लाकडी पाट्या टांगलेली एक चौकट होती, ती त्यानं लाथेनं पाडली. पाट्यांचे तुकडे उडाले.

आतून एक म्हातारी जपानी बाई धावत आली. "स्टॉप!" ती इंग्लिशमध्ये ओरडली आणि आमच्या मध्ये घुसली. माझ्यावर उगारलेलं त्याचं कोपर तिच्या भुवईवर बसलं. ती पायरीवर कोसळली.



मी माझा शर्ट काढून तिच्या जखमेवर दाबला. तो तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. "आंटी, सॉरी, सॉरी," एवढंच तो म्हणत होता. हवाईत कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आंटीच म्हणतात.

"कशावरून भांडताय?" तिनं विचारलं.

"परीक्षा," मी म्हणालो.

तिनं मागे बोट दाखवलं. तेव्हा कुठे मला ते लहानसं देऊळ दिसलं. रोज त्याच गल्लीतून जाऊनही मी ते कधी पाहिलं नव्हतं. जपानच्या शिंतो धर्माचं देऊळ, विद्येच्या देवाचं. मुलं पाट्यांवर पास होण्याचा नवस लिहून टांगतात, ती म्हणाली. "हा देव आधी माणूस होता. मोठा विद्वान. शत्रूंनी त्याला हद्दपार केलं, तिकडेच मेला. मग त्याच्या कोपलेल्या आत्म्यानं जपानच्या राजधानीवर विजा पाडल्या, माणसं मारली. त्याला शांत करायला लोकांनी देवळं बांधली."

रूममेट हुंदके देत रडायला लागला.

तिला टाके पडले. तिनं पोलिसांना बोलावलं नाही. त्या शनिवारी आम्ही चौकट दुरुस्त करायला गेलो. खिळा ठोकायला त्यानं हातोडी उचलली आणि मी दचकून मागे सरकलो. त्यानं ते पाहिलं. हातोडी खाली ठेवली, आणि दांडा माझ्याकडे करून सरकवली.