धुराचा नकाशा आणि दोन झाकलेली ताटं

सम्मेदला कुणी नोकरी विचारली की तो म्हणायचा, "धूर कुठं जातो ते सांगतो." गल्ली खो खो हसायची. पण ते खरंच होतं. साखर कारखान्याच्या चिमणीतला धूर उद्या कुणाच्या डोक्यावर बसणार, हे वाऱ्यावरून संगणक काढायचा आणि सम्मेद संगणकाची हमाली करायचा. संध्याकाळी पाचला हवामानाची फाइल यायची. मग अकरा ठिकाणी तारीख बदला, धुराचं गणित मांडणारं मॉडेल सुरू करा, तासभर त्याच्या तोंडाकडं बघत बसा, सातच्या आत नकाशा कारखान्याला पाठवा. हंगामात रविवारसुद्धा नाही.

आता यात जीव अडकण्यासारखं काय? तर सूर्य! घर जैनांचं, दिवस मावळला की तोंडाला कुलूप. त्यात बायको चंदनाचा नेम, नवरा जेवल्याबिगर संध्याकाळचं जेवायचं नाही. डिसेंबरात सहाला दिवस बुडतो आणि स्वारी घरी येते पावणेसातला. दोघांचीही ताटं झाकलेली. महिन्याभरात चंदनाच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या.

"नेम सोड की," सम्मेद म्हणाला.

"तुमी नोकरी सोडा."

विषय संपला.

मग पठ्ठ्यानं आठवडाभर डोकं घालून संगणकाला आपोआप हुकूम सोडणारी एक स्क्रिप्ट लिहिली. तारखा तीच बदलणार, मॉडेल तीच चालवणार, नकाशाही तीच धाडणार. सोमवारी साडेपाचला सम्मेद घरात! पाच दिवस नवराबायको उजेडात जेवली. गल्लीला वाटलं, नोकरी गेली.

शनिवारी मागच्या दारची विठाबाई काजळीनं माखलेली चादर घेऊन आली.

"अरं सम्मेदा, आज धूर कुठं गेला म्हनं तुझा?"

"पूर्वेला, काकी. कुरुंदवाडाकडं."

"मग ही चादर काय कुरुंदवाडास्नं आली व्हय?"

सम्मेदचा घास हातातच राहिला. तसाच कचेरीत पळाला. बघतो तर मंगळवारपासून नवी फाइल आलीच नव्हती. स्क्रिप्टनं रोज इमानानं तारीख बदलली आणि सोमवारचाच शिळा वारा कारखान्याला वाढला.

"खिडकी उघडून बघायला तरी काय झालतं रं?" कचेरीचे विजयसिंह साहेब गरजले. "पुन्हा असं झालं तर घरीच बस."

सम्मेदनं स्क्रिप्टला अक्कल शिकवली. साडेपाचपर्यंत ताजी फाइल आली नाही, तर थांबायचं आणि मालकाचा, म्हणजे सम्मेदचाच, फोन वाजवायचा. मग मालकानं पळत जायचं, फाइल हातानं उतरवायची आणि पुढचा तास तिथंच काढायचा.

आणि फाइलला तर आता उशिराची सवयच लागलीय.

परवाही तेच. खिडकीत ऊन होतं. चंदनानं भाकरी वाढली, आमटीत लिंबू पिळलं. सम्मेदनं घास मोडला आणि कट्ट्यावरचा फोन थरथरला.

"जावा," चंदना म्हणाली, "सवतीनं बोलावलंय."

तो चपला घालेपर्यंत तिनं दोन्ही ताटं झाकली होती.