राहिलेली सांधणी

मी पवनीतल्या घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. आमचं सॉफ्टवेअर धानाच्या गिरण्या वापरतात. नवी गिरणी आली की सर्व्हरवर तिचा कंटेनर चढवायचा, म्हणजे तेच सॉफ्टवेअर, वेगळ्या डब्यात. डबा चढतो पटकन. जीव जातो तो सेटिंग्ज भरताना. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, बिलावरचं नाव, सगळं हातानं भरा. एक अक्षर चुकलं की गिरणीवाला फोनवर आपला उद्धार करणार. त्या उन्हाळ्यात मला या कामाचा वीट आला होता.

पलीकडच्या खोलीत बाबांचा हातमाग बंद पडून होता. लुगडं विणून उतरवलं तरी आमच्याकडे जुन्या उभ्या धाग्यांची टोकं मागातच ठेवतात. नवा एकेक धागा त्यांना गाठ मारून जोडायचा, म्हणजे सगळं पुन्हा ओवावं लागत नाही. या सांधणीला दोघं लागतात. आईला आता धागा दिसत नाही, म्हणून दुसरा मी.

"एवढी गिरणी चढवली का येतो, बाबा," मी म्हणायचो.

"ये ना. मी कुठं जाऊन राहिलो?"

शेवटी वैतागून सेटिंग्ज आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहायला घेतली, बाबांसोबत निवांत बसता यावं म्हणून. पण पडलो विणकराचा पोरगा! जुन्या गिरणीच्या सेटिंग्ज तशाच ठेवून नव्या त्यांनाच जोडल्या. नव्या गिरणीची बिलं जुन्या मालकाच्या नावानं छापून आली. मागावर खपतं ते सर्व्हरवर कसं खपणार? मग दरवेळी सगळं कोरं घ्यायचं आणि काही रिकामं दिसलं तर तिथंच थांबायचं, अशी स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. त्यात बाबांची सांधणी आणखी मागे पडली.

एका दुपारी गिरणी आपोआप चढली. मी हातही लावला नव्हता. आनंद व्हायचा तर नुसता थकवा आला. तसाच उठून बाबांकडे गेलो.

माग मोकळा होता. जुनी टोकं कापून त्यांनी कोपऱ्यात गुंडाळून ठेवली होती. आता सांधायला काही उरलंच नव्हतं.

"बाबा, काहून कापले?"

"तुह्या मागं एवढं काम. तुले कायले तरास?"

"पण आता ते आपोआप होते, बाबा. मले वेळच वेळ हाय."

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग निज जरासा. लय थकला."

मला रडू येत होतं. तरी त्या मोकळ्या मागाशेजारी आडवा झालो, आणि झोप लागली.