शनिवारचा दिवा

“घरात काळोख फार झालाय, नाही गं?”

शनिवारी सकाळी समोरच्या दारातून असं आलं की ओळखावं, मावशींना दिवा लावून हवाय. पण ओळखायला डोकं लागतं. ऐंशी सालच्या सुमाराला मी लग्न होऊन अंधेरीच्या त्या तळमजल्यावर आले, तेव्हा माझ्या डोक्यावर फक्त अंबाडा होता. “हो ना मावशी, आभाळ आलंय,” म्हटलं आणि दार लोटलं.

सासूबाईंनी झापलं. “अगं, बेने इस्रायली त्या, आपल्या कोकणातले ज्यू. शनवार पाळतात. बटणाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याला ‘लाव’ म्हणायचंही नाही. आपण ओळखून लावायचं.”

मग मी शिकले. “पंखा रात्रभर दमला असेल, नाही गं?” म्हणजे पंखा बंद कर. “चहाचा वास कुठून येतोय गं?” म्हणजे आमच्या किटलीतला एक कप. बाकीचे सहा दिवस ही बाई आडवळणाचा एक शब्द बोलायची नाही. वेसाव्याच्या मासेवालीला तोंडावर विचारायची, “काय गं बाय, हा पापलेट तुझ्या लग्नातला काय?”

मावशींचा मुलगा इस्रायलमध्ये स्थायिक झालेला, अर्धे नातेवाईकही तिकडेच. ‘आता कायमची ये’ म्हणून तो मागे लागला होता. जावं की राहावं, हे मावशींचं काही ठरेना. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “बघू.” असं “बघू” म्हणणारं माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याला उत्तर माहीत असतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

त्यातच माझ्या डोक्यात युरोपचं खूळ शिरलं. ह्यांना रजा मिळेना. म्हणाले, “मावशींना ने जोडीला.” मावशींनी एकच अट घातली. “व्हेनिसमध्ये आमच्या लोकांची जुनी वस्ती आहे, तेवढी बघायची.”

व्हेनिसला फिरायचा दिवस आला नेमका शनिवारचा. कार्यक्रम ठरवताना हे माझ्या लक्षात आलं नाही आणि त्यांच्याही नाही. रोज नवा देश आणि रोज तीच बॅग ओढणं. माझे पाय सुजून पाव झाले होते. बाकीची मंडळी काचेच्या वस्तू घ्यायला पळाली. मलाही काचेचा हत्ती हवा होता. त्याऐवजी मी दोघींच्या पर्सा गळ्यात अडकवून, कारण शनिवारी मावशी ओझं उचलत नसत, पूल चढत होते आणि पूल उतरत होते.

एका बुटक्या बोळातून आत शिरलो तर मोठा चौक. भोवती उंचच उंच घरं, खिडक्या एकमेकींना खेटलेल्या. पूर्वी ज्यू लोकांना एवढ्याच जागेत कोंडून रात्री फाटकं लावत, म्हणून घरं वर वर चढत गेली, असं सहलीच्या वाटाड्यानं सांगितलं होतं. मावशी मान वर करून म्हणाल्या, “चाळच की गं ही!”

पण शनिवार म्हणून सगळं बंद. बेकरी बंद, पुस्तकांचं दुकान बंद, म्युझियमला कुलूप. मी बाकावर बसकण मारली. “वाट लागली! एवढी तंगडतोड केली ती कुलपं बघायला?”

मावशी मात्र हसत होत्या. दिवाळीची रोषणाई बघावी तशा त्या एकेका बंद दारापुढे थांबत होत्या. एक म्हातारा काठी टेकत आला आणि पुटपुटला, “शब्बाथ शालोम.” त्यांचा शनिवारचा रामराम तो. मावशींनी पदर सावरला आणि तेच शब्द त्याला परत दिले. तो साडीकडे बघतोय, हातातल्या बांगड्यांकडे बघतोय. त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. ह्या मराठीत, “अलिबागची हो मी, आता अंधेरीला.” दोघांचं झकास चाललं होतं.

मग माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या बंद दारांकडे बघत म्हणाल्या, “इथं कुणाला काही ओळखावं लागत नसेल, नाही गं?”

“हो ना,” मी पोटऱ्या चोळत म्हटलं, “पण एखादं दुकान तरी उघडं ठेवायचं.”

त्यांनी चपला काढून पाय बाकावर घेतले. मला वाटलं, दमल्या.

घरी परतल्यावर एका शनिवारी सवयीनं त्यांचा दिवा लावायला गेले. बटण दाबलं. ट्यूब नेहमीसारखी फडफडत राहिली आणि ती लागायच्या आत मला त्या बाकावरचं वाक्य आठवलं. तेही दिव्याचंच वाक्य होतं की! ‘आपल्या माणसांत जाऊ का?’ असं बाई मला विचारत होती आणि मी पोटऱ्या चोळत होते.

खरं तर ‘जाऊ नका’ म्हणायचं होतं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. ह्यांच्याखेरीज त्या मजल्यावर माझं म्हणावं असं हेच एक माणूस उरलं होतं.

“मावशी, तुम्ही मुलाकडे जा.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“म्हटलं नाहीत. मी ओळखलं.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. पुन्हा पुसला. “वेळ लागला गं तुला,” म्हणाल्या. “पण बटण बरोबर दाबलंस.”

त्या इस्रायलला गेल्या त्या मुद्दाम एका रविवारी. स्वतःची बॅग स्वतः उचलता यावी म्हणून.

आता माझेच गुडघे बोलतात आणि ओळखणारं कुणी नाही. समोर नवे लोक आहेत, चांगले आहेत, रात्रंदिवस दिवे जाळतात. शनिवारी सकाळी त्या दारातून उजेड आला की मी अजून दचकते. कुणी लावला? मी तर इथंच बसलेय.