गालिच्याची पालथी बाजू
कपाटातून डांबराच्या गोळीचा वास आला की मला मुकुंदवाडीतल्या शेजारच्या खाला आठवतात. त्यांच्या सासऱ्यांनी विणलेला, तसल्याच गोळ्या घालून जपलेला गालिचा त्यांनी माझ्या हवाली केला होता. माग कधीच मोडीत गेला, नक्षी तरी तुझ्या भरतकामात राहू दे, म्हणाल्या. मी वरून बघत, मोजत कॅनव्हासवर लोकरीचे टाके भरत गेले. पण लोक बसून बसून गालिच्याची मधली लोकर पार झडली होती. तिथं मी माझ्या मनानं एक गुलाब भरला आणि मोठ्या हौसेनं दाखवायला नेला. खालांनी त्यावरून बोट फिरवलं. "लई अच्छा है बेटा, पण हे अब्बांचं नाय," एवढंच म्हणाल्या आणि गालिचा पालथा केला. मागं एकेक गाठ शाबूत होती, मधली आठ टोकांची चांदणीसुद्धा. मग चष्मा लावून त्याच माझ्यासोबत गुलाब उसवायला बसल्या. मागच्या गाठी मोजून कॅनव्हासवर भरलेली ती चांदणी आज माझ्या घरात भिंतीवर आहे. पुढं कुणाला मोजून घ्यावीशी वाटली तर, म्हणून तिला मागून अस्तर तेवढं मी लावलेलं नाही.