दूध तोडायचं, आई नाही

ताई वासराला आधी कान लावायच्या, मग हात. छातीच्या पट्ट्यातून हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र मी जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या प्रयोगशाळेत महिनोन्महिने खपून बनवलेलं, पण ही बाई चिखलात गुडघे टेकून बरगड्यांना कान भिडवणार आणि वर मलाच सांगणार, "तुझं यंत्र बरोबर बोलतंय हं!" ताई मूळच्या साताऱ्याच्या, पशुवैद्य. इथे मांसासाठी पाळलेल्या गुरांवर संशोधन करत होत्या. गावात सगळे त्यांना 'फ्राऊ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणत. मला परक्या देशात थोरली बहीणच मिळाली होती.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "दूध तोडायचं, आई नाही." आमचा प्रयोग ज्यांच्याकडे चालायचा त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही ओपा, म्हणजे आजोबा म्हणायचो. वासरं मोठी झाली की ओपा एका सकाळी त्यांना आयांपासून ओढून लांबच्या गोठ्यात कोंडत. हंबरून हंबरून वासरांचे घसे बसत, ती चारा सोडत. आदल्या वर्षी त्यातच न्यूमोनिया पसरला आणि काही वासरं गेली. ओपांनी हाय खाल्ली. "पुन्हा असं झालं तर सगळा कळप विकून टाकीन," म्हणाले. ताईंनी एक हंगाम मागून घेतला. या खेपेला मध्ये फक्त तारेचं कुंपण घालायचं. वासराला दूध मिळणार नाही, पण आई दिसेल, हुंगता येईल.

शनिवारपर्यंत सगळं सुरळीत होतं. रविवारी दुपारी पोचलो तर कुंपणापलीकडे एकही गाय नाही! वासरं तारेच्या कडेने सैरावैरा धावत होती. एक तांबडी कालवड मान टाकून उभी होती आणि तिच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. माझ्या मोबाईलवर तिच्या ठोक्यांची रेघ नुसती उड्या मारत होती. ओपांनी गायी टेकडीमागे नेल्या होत्या. का, तर रविवार! हंबरण्याबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली होती. जर्मनीत रविवारी शांततेचा कायदा, भिंतीला भोक पाडायचीसुद्धा चोरी, तिथे गायीचं काय घेऊन बसलात!

"ताप चढलाय हिला," कान न उचलता ताई म्हणाल्या. त्यांनी लगेच इंजेक्शन भरलं.

ओपांनी खिशातून फोन काढला. "चला, पुरे झालं. व्यापाऱ्याला बोलावतो."

ताईंनी चिखलाच्या हातानेच तो फोन झाकला. "ओपा, तुमची नात पाळणाघरात जायला लागली, तेव्हा तिची आई कितीतरी दिवस तिथेच कोपऱ्यात बसून असायची ना? पहिल्याच दिवशी सोडून का नाही आली?"

ओपांनी फोन खाली घेतला.

"मग हिची आई परत आणा. आत्ता. शेजाऱ्यांकडे मी जाते."

गायी परत आल्या. तांबडीच्या आईने तारेवरून मान घातली आणि लेकीचं कपाळ चाटायला सुरुवात केली. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे होतो. रेघ खाली यायला खूप वेळ लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी कालवड गवत ओढताना दिसली तेव्हा ओपा आमच्याकडे पाठ करून नाक शिंकरत राहिले. कळप राहिला.

पुढे ताई साताऱ्याला परतल्या. दर रविवारी त्यांचा फोन यायचा. मग दोन रविवारांआड, मग महिन्याने. परवा आला तेव्हा मी भांडायच्याच तयारीत होते. पण त्यांना दोन शब्दांत धाप लागत होती.

"माझं हृदय थकलंय गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका म्हणून सांगितलंय. म्हणून फोन कमी केले. तुला एकदम नको ना तुटायला. कुंपण जरा लांब नेतेय, एवढंच."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "दूध तोडायचं, आई नाही, हे कोण म्हणायचं हो? तुम्ही तर गायीच टेकडीमागे नेताय!"

साताऱ्याहून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी फोन कानाला घट्ट लावून ऐकत राहिले.